ओळख आणि भीड

ओळख असली की काम होते, असे आपण म्हणतो. इस्राएलमध्ये आल्यावर 'प्रोटेक्त्सिया' हा शब्द आपण लवकर शिकलो. मराठीत त्यालाच वशिला म्हणतात. पण प्रत्येक ओळख म्हणजे वशिलाच काय?

मे २०२४ पासून २५,००० शेकेलांवरच्या बिलावर करखात्याकडून मिळालेला क्रमांक घालणे भाग पडले. तो नसेल तर खरेदीदाराला 'माम'ची, म्हणजे मूल्यवर्धित कराची, वजावट मिळत नाही. आम्ही एका लहान कारखान्याचे हिशेब पाहतो. सॉफ्टवेअर कंपनीने त्यासाठी गिऱ्हाइकांची तपासलेली यादी मागितली. पत्रांमागून पत्रे आली. आम्ही ती बाजूला ठेवली. मग कंपनीचा एक तरुण स्वतः आला. दोन तास शेजारी बसून त्याने आमचे काम पाहिले, चहा घेतला, मुलाबाळांची विचारपूस केली. दुसऱ्याच दिवशी यादी तयार! करार तोच, यंत्र तेच, फरक माणसाचा.

१ जानेवारी २०२५ रोजी माम १७ वरून १८ टक्के झाला. काही बिलांवर यंत्र जुनाच दर लावते हे आमच्या ध्यानात आले. पण बिचाऱ्याला वरिष्ठ बोलतील, म्हणून आम्ही गप्प राहिलो आणि आकडे हाताने सुधारीत बसलो. तीन आठवड्यांनी गोष्ट उघड झाली. तो एवढेच म्हणाला, "पहिल्या दिवशीच सांगितले असते, तर इतरांची बिले तरी चुकली नसती."

आम्ही खजील झालो. त्याला सांभाळण्याच्या नादात, ज्यांना आम्ही ओळखतही नाही अशांचे नुकसान केले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटे नाही.

मग ओळख नकोच का? तसे नव्हे. कोकणात आपल्या वाडवडिलांना शेजाऱ्यांनी 'शनिवार तेली' हे नाव दिले. तेल्याचा घाणा शनिवारी बंद असायचा हे गावाला ठाऊक होते, म्हणूनच ते नाव पडले. पण शनिवार समजून घेणाऱ्या शेजाऱ्याने माप कमी भरले तर तेही तोंडावर सांगावे. त्यात तेल्याचाही मान राहतो.

ओळखीने दार उघडते. उघडल्या दारातून खरे बोलणे आत गेले, तर ते नाते. नाहीतर ती नुसती भीड.