हसू कोणाचे, दुखणे कोणाचे

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा चालला होता. एका सहकाऱ्याने मोबाइल सर्वांच्या पुढे धरला. त्यात मुनव्वर फारुकी कोकणी माणसांची माफी मागत होता. कार्यक्रमात प्रेक्षकांशी बोलता बोलता तळोज्याचा विषय निघाला, त्यावरून त्याने कोकणी लोकांवर एक शेरा मारला आणि त्याला एक शिवीही जोडली. ती चित्रफीत पसरली, राजकारणातल्या मंडळींनी धमक्या दिल्या आणि त्याने माफी मागितली. आमच्या शाळेतले निम्म्याहून अधिक शिक्षक कोकणी मुसलमान. चहा जरासा कडवट झाला. एक वडीलधारे सर म्हणाले, "ह्याच पोरासाठी आपण तीन वर्षांपूर्वी दुआ मागितली होती ना? आणि हा आपल्यालाच शिव्या देतो!"

त्यांचे खोटे नव्हते. आम्हीही दुआ मागितली होती. पण ते वाक्य तेव्हापासून आमच्या डोक्यातून जात नाही.

हा तरुण मूळचा जुनागढचा, जन्म १९९२ चा. आई लहानपणीच गेली. कुटुंब मुंबईला डोंगरीत आले. भांड्यांच्या दुकानात काम, पुढे ग्राफिक्सचे काम, असे करत करत तो माइकपाशी पोहोचला. स्टँडअप म्हणजे वेषभूषा नाही, नेपथ्य नाही, साथीला कोणी नाही. एकट्याने उभे राहून आपलेच जगणे लोकांपुढे मांडायचे आणि त्यातून त्यांना हसवायचे. मोहल्ला, गरिबी, दंगली, मुसलमान असणे हा त्याचा माल. आमच्यातली जी गोष्ट आम्ही चारचौघांत बोलत नाही ती तो तिकीट लावून बोलतो, याचे आमच्या तरुण मुलांना भारी कौतुक.

१ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या एका कॅफेत त्याचा कार्यक्रम होता. तो रंगण्याआधीच काही लोक मंचावर चढले. हिंदू देवदेवतांचा अपमान केल्याची तक्रार झाली आणि त्याला व त्याच्या साथीदारांना अटक झाली. त्या संध्याकाळी त्याने तसे काही म्हटल्याची चित्रफीत मिळाली नाही, असे पोलिसांच्याच तोंडून वर्तमानपत्रांत आले. तरीही २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला. तो त्याचा एकोणतिसावा वाढदिवस होता. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. सुमारे सदतीस दिवस तो तुरुंगात होता. त्याच्याबरोबर पकडलेल्या नलिन यादव या इंदूरच्याच विनोदवीराला तर फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत आत राहावे लागले. त्याच्यासाठी कोणत्या मोहल्ल्यात दुआ झाली? आमच्यापुरते सांगायचे तर आम्हाला त्याचे नावही पुष्कळ उशिरा कळले.

न केलेल्या विनोदाची ही शिक्षा होती. यावर आमचे मत तेव्हा जे होते तेच आजही आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळूरचा कार्यक्रम पोलिसांच्या पत्रावरून रद्द झाला, तेव्हा दोन महिन्यांत बारा कार्यक्रम गेल्याचे त्याने सांगितले. त्या कार्यक्रमाचे नाव होते 'डोंगरी टू नोव्हेअर'. आता ते नाव वाचताना हसूही येत नाही.

पण कथा एवढीच सांगून थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे. २०२० मध्ये त्याच्या एका विनोदात राम आणि सीता यांचा उल्लेख होता आणि त्यावरून तेव्हाच ओरड झाली होती. श्रद्धाळू हिंदू माणसाला तो लागला असेल हे समजायला फार मोठे मन लागत नाही. आम्ही मात्र तेव्हा काय म्हटले? "विनोदच तो! एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" हे वाक्य आमच्याच तोंडचे. मग २०२४ मध्ये कोकणावर एक शेरा आला आणि चहा कडू झाला. दुसऱ्याला लागते तेव्हा तो विनोद आणि आपल्याला लागते तेव्हा तो अपमान, हा कुठला न्याय?

मुनव्वर चूक की बरोबर हा निकाल लावायला आम्ही बसलेलो नाही. आमचा प्रश्न आमच्या मापाचा आहे.

उर्दू शिकवताना तन्ज आणि मिजाह हे शब्द जोडीनेच येतात. मुलांना आम्ही फरक सांगतो तो असा: तन्जला टोक असते, मिजाहला नसते. आणि तिसरा शब्द आहे तमस्खुर, म्हणजे टवाळी. पतरस बुखारींच्या लेखांत फजिती होते ती बहुधा सांगणाऱ्याची स्वतःची. अकबर इलाहाबादी इंग्रजांच्या न्यायखात्यात न्यायाधीश होते आणि त्यांचे बाण साहेबी नकलेत अडकलेल्या आपल्याच माणसांवर होते. टवाळीत मात्र सांगणारा उंचावर उभा असतो आणि खाली कोणीतरी दुसराच असतो. सूरह हुजुरातमध्ये एका गटाने दुसऱ्या गटाची थट्टा करण्याची मनाई आहे, कारण ज्याची थट्टा करता तो कदाचित तुमच्याहून चांगला असेल. स्त्रियांचा उल्लेख तिथे वेगळा आहे. हसण्याची मनाई मात्र नाही. म्हाताऱ्या बाई जन्नतमध्ये जाणार नाहीत असे हजरत पैगंबरांनी (स.) एका वृद्धेला म्हटल्याची रिवायत सर्वांना ठाऊक आहे. ती रडू लागली तेव्हा तिला सांगण्यात आले की तिथे जाताना ती तरुण झालेली असेल. आम्हाला या रिवायतीत थट्टेपेक्षा पुढचा भाग मोठा वाटतो. समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी दिसले आणि ते तिथल्या तिथे पुसले गेले.

मोबाइलच्या काळात नेमके हेच अवघड झाले आहे. विनोद एका सभागृहात होतो आणि ज्याला लागतो तो हजार मैलांवर असतो. सांगणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही. त्यालाही दोन तासांतले फक्त वीस सेकंद दिसतात.

लागले म्हणून मारायचा हक्क मिळतो का, हा पुन्हा वेगळा प्रश्न. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खार येथील 'हॅबिटॅट' या जागेची तोडफोड झाली. कारण कुणाल कामराने एका मोठ्या नेत्यावर केलेला विनोद. हा कामरा राजकारण्यांना समोर बसवून पॉडकास्टवर गप्पाही मारत आला आहे. तो मुसलमान नाही, आणि त्याने हसून दाखवले ते दुबळ्या माणसावर नव्हे, सत्तेवर. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर एकाने खांदे उडवत म्हटले, "त्यांचे ते बघतील." आम्हाला नलिन यादव आठवला.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हे सगळे लिहिणे बरे दिसणार नाही. सातवीच्या वर्गात एक हुशार, चुणचुणीत मुलगा आहे. तो नकला सुरेख करतो. आम्हाला प्रत्येक वाक्यानंतर "समझे ना?" म्हणायची सवय आहे. वर्गात शिरताना एकदा तो चष्मा नाकावर घसरवून हुबेहूब तसे म्हणताना सापडला. आम्ही त्याला तासभर बाहेर उभे केले. अदब शिकवली, असे तेव्हा वाटले.

त्याच वर्गात त्या वर्षी बिहारहून आलेला एक मुलगा होता. वडील बेकरीत कामाला. त्याचे शीन-काफ वेगळे, हेल वेगळा. नकलाकाराने एके दिवशी त्याच्या वाचनाची नक्कल केली. सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. खरे सांगायचे तर मोकळेपणाने हसलो, कारण नक्कल फार चांगली होती. त्यानंतर तो बिहारी मुलगा मोठ्याने वाचायला उठेनासा झाला. "घसा बसलाय सर," म्हणायचा. दोन महिने घसा बसत नाही हे कळायला बी.एड. लागत नाही. तरी आम्हाला ते कळले दोन महिन्यांनीच, आणि तेही त्या ऑगस्टमध्ये चहा कडू झाल्यावर.

मुलाला आम्ही एकट्याला बोलावले. माफी मागणे शिक्षकाला जड जाते. आम्ही ती अर्धीमुर्धी, आडवळणाने मागितली. तो नुसता मान हलवत राहिला. मुनव्वरची माफी धमक्यांनंतर आली म्हणून ती खरी नाही, असे कोणी कोणी म्हणत होते. आमच्यामागे तर कोणीच लागले नव्हते, तरी आम्हाला एवढा उशीर लागला.

मुनव्वरचे पुढे बरे चालले आहे. २८ जानेवारी २०२४ ला, पुन्हा वाढदिवसाच्याच रात्री, त्याने 'बिग बॉस' जिंकले आणि डोंगरीत मिरवणूक निघाली. इंदूरची ती तारीख त्या रात्री किती जणांना आठवली असेल कोणास ठाऊक.

शाळेचे स्नेहसंमेलन पुढच्या महिन्यात आहे. नकलांच्या यादीत नेहमीचे नाव आहेच. त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, बेकरीवाल्याच्या मुलाने स्वतःचे नाव लिहिले आहे. विषयाच्या रकान्यात लिहिले आहे: "हमारे सर". मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही यादीवर सही केली. त्याने काय बसवले आहे ते अजून आम्ही पाहिलेले नाही.