वसुली सवडीने

"विंडोज टाकून देऊ ना?" कॉम्प्युटर जोडून देणारा मुलगा हे पानवाल्याने चुना विचारावा तितक्या सहज विचारायचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांच्या बिलात माउसचेही पैसे असत, विंडोजचे नसत. आम्हीही विचारत नसू. दुकानातून पेन्सिल उचलली असती तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसता. विंडोजच्या त्या चोरट्या सीडीने मात्र कधी कुणाची झोप मोडली नाही.

फेब्रुवारी 1976 मध्ये तरुण बिल गेट्स यांनी कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना उघड पत्र लिहिलं. अल्टेअर यंत्रासाठी आम्ही केलेलं बेसिक भाषेचं सॉफ्टवेअर तुमच्यातले बहुतेक जण चोरून वापरतात, असा थेट आरोप होता. त्यातला संताप खरा, कष्टाचे पैसे बुडालेल्या माणसाचा. पुढे 1998 मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसमोर वॉरन बफे यांच्यासोबत बसलेले तेच गेट्स चीनविषयी वेगळंच बोलले. लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरोत. चटक लागली की पुढच्या दशकात वसुलीचं बघू, असा त्याचा मथितार्थ. पहिल्या उधारीच्या वसुलीची घाई गावचा सावकारही करत नसे.

ही क्षमा नव्हे, पेरणी आहे. घरी फुकट शिकलेला मुलगा नोकरीला लागतो तेव्हा त्याचा हात त्याच प्रोग्रामवर बसलेला असतो. त्याची फाइल समोरच्याकडेही उघडायला हवी, म्हणून समोरचाही तोच घेतो. कचेरीला चोरी लपवता येत नाही. ती पैसे मोजते. ब्रिटनमधल्या स्प्रेडशीट आणि वर्ड प्रोसेसरच्या वापराचा एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 7 पैकी 6 वापरणारे चोर निघाले, आणि नव्या गिऱ्हाइकांपैकी 80 टक्क्यांहून अधिक त्यांच्याच प्रभावाने आलेले. कायदाही हाताशी असतोच. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या 63 ब कलमात चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला कैदेची तरतूद आहे. घरच्या चोराकडे काणाडोळा करायचा आणि धंदेवाल्याला नोटीस धाडायची, हे मालकाला परवडतं.

म्हणून माझी चोरी धुतली जाते का? नाही. ती काही मी मालकाच्या भल्यासाठी केली नव्हती. पण त्याच्या तोंडचा 'चोर' हा शब्दही आता मला अर्धाच ऐकू येतो.

यात खरा बुडाला तो तिसराच. कुणी पाचशे रुपयांत साधासा प्रोग्राम विकू पाहत असेल, तर नामांकित माल शून्य रुपयांत मिळत असताना त्याच्याकडे कोण जाणार? आणि विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स तर राजरोस फुकट होतं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर त्याची सीडी यायची, हवी तितक्यांना वाटा म्हणून. माझ्याकडेही आली होती. कॉम्प्युटर जोडणाऱ्या त्या मुलाला दाखवली, तर म्हणाला, "काका, हे कोण वापरतं?" चोरीची विंडोज टाकून तो गेला. लिनक्सची सीडी त्या वर्षी गणपतीच्या मखराला लावली. चकाकत छान होती.