राखण

बेट्टदपुरच्या टेकडीवर मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. येथील लोक त्यास ‘सिडिलु मल्लिकार्जुन’ म्हणतात. सिडिलु म्हणजे कानडीत कडाडून पडणारी वीज. विजेने काही नासले तर माणूस आकाशाकडे पाहून गप्प राहतो, कारण जाब विचारावा असे तेथे कोणी नसते. मजवर या गावी जो प्रसंग आला, त्यास मात्र वीज म्हणून मोकळे होता येईना.

माझ्या वडिलांची पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि काही टिपणे लाल रुमालात बांधून मिरजेच्या घरी ट्रंकेत पडली होती. त्यांस वाळवी लागली. मी सुट्टीत प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले, ती सर्व क्लाउडवर चढविली, आणि मूळ कागद बंबात घातले. आईचे मन होत नव्हते. “तिथे वाळवी पोचत नाही,” असे मीच तिला सांगितले होते.

एके रात्री माझ्या संगणकाची प्रणाली आपोआप अद्ययावत झाली. सकाळी पाहतो तो फायलींची नावे जागच्या जागी, पण एकही उघडेना. जागा वाचावी म्हणून संगणकावर नुसती नावे ठेवावयाची आणि मजकूर मागाल तेव्हा दुरून आणावयाचा, अशी ही सोय आहे. अद्ययावतीकरणात तो आणणारा दुवाच तुटला होता. क्लाउड म्हणजे कोठल्या तरी शहरातील कोणाची तरी यंत्रे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते असे नाही. पण जाणवले त्या दिवशी. नेमका त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. “ह्यांचे कागद नीट आहेत ना रे?”

“नीट आहेत,” मी म्हणालो.

दोष कोणाचा, हे ठरविण्यात माझे पुढचे दोन-तीन दिवस गेले. यंत्र बनविणाऱ्यांवर तो टाकणे सोपे होते, आणि त्यास आधारही सापडला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नवी आवृत्ती वाटावयास काढली व चारच दिवसांत थांबविली. ज्यांनी आपला दस्तऐवजांचा फोल्डर दुसऱ्या जागी, काहींनी वनड्राइव्हवर, हलविला होता, त्यांच्या जुन्या जागी काही फायली उरल्या होत्या. नव्या प्रणालीने जुनी जागा निरुपयोगी ठरवून ती फायलींसकट पुसली. आपणां बदलीवरच्या मंडळींस हे समजावून सांगावयास नको. कचेरीच्या दप्तरी नवा पत्ता चढला म्हणून गावाकडचे घर रिकामे झालेले नसते.

त्या कंपनीचे म्हणणे असे पडले की तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक इतकेच होते. चाचणीसाठी आधी प्रत घेतलेल्यांपैकी काहींनी ही गोष्ट अगोदर कळविलीही होती. पण दुजोरा देणारे थोडे, म्हणून ती ढिगात राहिली. पुढे तक्रारीची गंभीरता नोंदविण्याची सोय झाली, आणि १३ नोव्हेंबरला आवृत्ती पुन्हा निघाली. हे वाचून मला हसू आले नाही. ‘प्रकरण अपवादात्मक आहे’ हा शेरा मी स्वतः किती टिपणांवर लिहिला असेन! ज्याचे गेले त्याच्या दृष्टीने ते दहा हजारांत एक नसते; त्याचे सगळेच गेलेले असते.

परंतु हा आधार मला फार वेळ पुरला नाही. आमच्या कारकुनी धंद्यात कागद नष्ट करावयाचा तर केवढा सोपस्कार! मुदत पाहावी, यादी करावी, अधिकाऱ्याची सही घ्यावी. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने तर १८९२ पूर्वीचा सरकारी कागद, तो वाचण्यापलीकडे खराब झाल्याखेरीज, नष्ट करण्यास मनाई केली आहे. सरकारी चिठोऱ्याची ही प्रतिष्ठा, आणि बापाच्या अक्षरासाठी मी साधी दुसरी नक्कलही काढली नाही. आईची संमती होती, असे म्हणता येईल. पण ती संमती क्लाउडला नव्हती. मुलाच्या शिक्षणाला होती. ठेव मी पुढे कोणाच्याही हाती दिली असली, तरी ती राखण्याचे काम तिने मजवर सोपविले होते.

नवव्या दिवशी दुरुस्ती आली आणि सर्व फायली उघडल्या. एकही पान गहाळ नव्हते. मग मी आईला सांगितले ते खरे ठरले काय? मन म्हणते, ठरले. उगाच म्हातारीला घोर कशाला? पण ज्या क्षणी मी ‘नीट आहेत’ म्हणालो त्या क्षणी मला काहीच ठाऊक नव्हते. कागद परत आले ते दैवाने, किंवा कोठल्या तरी अनोळखी माणसाने जागून केलेल्या कामाने. माझ्या शब्दाने नव्हे. शब्द देताना ज्ञान नव्हते ते नऊ दिवसांनी मागे जाऊन त्या शब्दात भरता येईल, असे मला तरी वाटत नाही.

म्हैसूरला जाऊन मी सर्व पाने छापून आणली आहेत. नवा लाल रुमालही घेतला. दिवाळीस आई येथे यावयाची आहे. रुमाल सोडताना ती अक्षरावरून बोट फिरवील, आणि कागद नवा कसा, हे विचारील.