मेघवनातली मधुकरी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी लिहायला बसलं की दरवर्षी एखादं क्षेत्र, एखादी पोथी किंवा एखादा अनुभव पुढ्यात येतो. यंदा एक प्रश्न आला, आणि तो फार लांबच्या डोंगरावरून आला. प्रश्न साधा आहे: ज्या जागेला आपल्या जाण्यानेच इजा पोहोचते, तिच्या दर्शनाला जावं का?

वाचकांना वाटेल, हा सहलीचा विषय दत्त अंकात कशाला? पण आपल्या गुरुदेवांचं सगळं चरित्रच फिरस्तीचं आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरी, निद्रा माहुरी, अशी परंपरेची धारणा. आणि श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला जे चोवीस गुरू सांगतात, ते पृथ्वी, वारा, समुद्र, पतंग, भुंगा, कोळी असे उघड्या जगातले. तेव्हा सृष्टीकडे कसं पाहावं, तिच्यापाशी कसं जावं, हा आपल्या संप्रदायाचा मूळचाच प्रश्न आहे.

माझी मुलगी आणि जावई ह्यूस्टनला असतात. मागच्या एप्रिलात त्यांनी आम्हा दोघांना मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात मोन्तेवेर्दे इथे नेलं. तिथल्या अरण्याला मेघवन म्हणतात. समुद्रसपाटीपासून साधारण 1400 ते 1800 मीटर उंचीवर देशाचा कणाच म्हणावा अशी डोंगररांग आहे. कॅरिबियन समुद्रावरून दमट वारा येतो, या रांगेवर चढतो, थंड होतो आणि त्याचा ढग होतो. तो ढग आकाशात राहत नाही, झाडांतून चालत जातो. शेवाळाने मढलेल्या फांद्या त्यातलं पाणी अक्षरशः गाळून घेतात. पाऊस नसतानाही झाडाखाली टपटप चालू असते. आपल्याकडे आंबोलीला किंवा महाबळेश्वरला श्रावणात जे चार दिवस दिसतं, ते तिथे बहुतेक वर्षभर. एकेका फांदीवर शेवाळ, नेचे, ऑर्किडं यांची दाटी. एकट्या ऑर्किडांच्या तिथे चारशेहून अधिक जाती आहेत.

आणि तिथे उंबराचे नातलग भेटले. पक्ष्याच्या विष्ठेतून बी एखाद्या झाडाच्या शेंड्यावर पडतं, तिथून मुळं खाली सोडतं आणि हळूहळू त्या झाडालाच वेढून टाकतं. आतलं झाड कालांतराने मरून कुजतं आणि मुळांची पोकळ जाळी उभी राहते. आपला औदुंबर असा दुसऱ्याला वेढत नाही, पण कूळ एकच. फुलं फळाच्या पोटात लपवायची रीतही तीच आणि आत शिरून परागीकरण करणारी केंबरंही तशीच. सौ.ने नकळत हात जोडले. आमच्या गाईडला वाटलं, आजी थकल्या. मुलीने त्याला स्पॅनिशमध्ये काहीतरी समजावलं, तेव्हा त्याने टोपी काढली.

आता त्या जागेचा इतिहास सांगतो, कारण प्रश्नाचं मूळ त्यात आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात क्वेकर पंथाची काही कुटुंबं राहत होती. युद्ध करायचं नाही, शस्त्र धरायचं नाही, असा त्यांचा धर्म. सैन्यभरतीची नोंदणी नाकारली म्हणून त्यांच्यातल्या चौघा तरुणांना 1949 मध्ये तुरुंगवास झाला. कोस्टा रिकाने 1948 मध्ये आपलं सैन्यच रद्द केलं होतं. ही कुटुंबं तिकडे निघाली आणि 1951 मध्ये या डोंगरावर येऊन वसली. त्यांनी जमीन घेतली, गाई पाळल्या, चीज बनवू लागली. पण घेतलेल्या जमिनीपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा, डोंगरमाथ्याचं सुमारे 554 हेक्टर जंगल, त्यांनी तोडायचं नाही असं ठरवलं. कारण अगदी व्यवहारी होतं: खालच्या गावाचं पाणी तिथूनच येत होतं. पुढे 1972 मध्ये त्याला लागून राखीव वन उभं राहिलं.

भागवतात पृथ्वी या गुरूबरोबर पर्वत आणि वृक्ष यांचंही नाव येतं. पर्वताचं सगळं करणं दुसऱ्यासाठी असतं, आणि वृक्ष तर स्वतःला पुरता दुसऱ्याच्या हवाली करतो, अशी ती शिकवण. क्वेकरांनी भागवत वाचलेलं असण्याचं कारण नाही. पण डोंगर पाणी देतो, म्हणून डोंगराला हात लावायचा नाही, एवढं त्यांना उमगलं होतं.

याच डोंगरमाथ्यावर एक सोनेरी बेडूक राहत असे. नराचा रंग झळझळीत नारिंगी-सोनेरी, लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. जगात दुसरीकडे कुठेच नाही, फक्त या रांगेवरच्या काही चौरस किलोमीटरांत. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली 1966 मध्ये. वर्षभर तो दडून असायचा आणि पहिल्या पावसाच्या थोड्या दिवसांत झाडांच्या मुळांशी साचलेल्या डबक्यांवर जमायचा. उंबराचं फूलच म्हणा ना! 1987 मध्ये तिथे दीड हजारांच्या आसपास बेडूक मोजले गेले. पुढच्या वर्षी त्याच डबक्यांवर एक दिसला. 1989 मध्ये पुन्हा एकच. त्यानंतर कुणालाही दिसला नाही, आणि 2004 मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. कुणी म्हणतात बुरशीचा रोग, कुणी म्हणतात कोरडं पडलेलं वर्ष, कुणी म्हणतात तापलेलं हवामान. त्याच डोंगरावर वर्षानुवर्षं नोंदी ठेवणाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं, की 1970च्या दशकाच्या मध्यापासून धुकं न येणारे दिवस वाढत चालले आहेत. समुद्र तापतो आणि ढग वर सरकतो. झाड मात्र जागचं हलू शकत नाही.

आणि समुद्र तापतो कशाने? इतर अनेक गोष्टींबरोबर, ज्या विमानाने आम्ही गेलो, त्याच्या धुरानेही. इथे प्रश्न अंगाशी येतो. ढग बघायला निघालेला माणूस ढगालाच थोडा वर ढकलून येतो.

अवधूताच्या गुरूंमध्ये पतंग आहे. रूपाला भुलतो, ज्योतीवर झेपावतो आणि जळतो. डोळ्यांच्या वासनेचा तो धडा. पण यात्रेकरूचं थोडं उलटंच आहे. इथे पतंग सुखरूप घरी येतो, फोटो दाखवतो. विझत जाते ती ज्योत.

मी हे रात्री जेवताना बोललो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, असं कसं? आपल्यासारखे लोक तिकिटं काढतात म्हणून तर हे जंगल उभं आहे. नाहीतर केव्हाच सगळं कुरण झालं असतं."

तिचं म्हणणं खोटं नाही. राखीव वनाच्या रखवालदारांचे पगार, वाटांची डागडुजी, संशोधनाचा काही खर्च पाहुण्यांच्या पैशांतून निघतो. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. आमच्या गाईडचीही. तो म्हणाला, त्याचे आजोबा झाडं तोडायचे, तो झाडं दाखवतो. या वाक्यापुढे "इथे कुणी येऊच नये" म्हणणं हे भरल्या पोटाचं वैराग्य ठरेल.

"आणि पाहिल्याशिवाय प्रेम कसं वाटणार?" मुलीने पुढे विचारलं. या दुसऱ्या मुद्द्यापाशी मात्र मी अडलो. कारण त्याच डोंगराला लागून मुलांचं अरण्य आहे. 1987 मध्ये स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या शाळेत एहा केर्न नावाच्या बाई मुलांना या जंगलांबद्दल शिकवत होत्या. नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, ते वाचवायला आपण काय करू शकतो? मुलांनी पैसे जमवले आणि पहिले सहा हेक्टर विकत घेतले गेले. पुढे चाळीसहून अधिक देशांतली मुलं त्यात आली, आणि आज ते वन 22,000 हेक्टरांहून मोठं आहे. यातल्या बहुतेक मुलांनी ते अरण्य कधी पाहिलेलं नाही. एका बाईंनी सांगितलं, त्यांनी ऐकलं, एवढंच.

आपल्या परंपरेत श्रवणाला भक्तीची पहिली पायरी का म्हटलं असेल, ते मला तिथे थोडं कळलं. यदुराजाही चोवीस गुरूंच्या शोधात रानोमाळ गेला नाही. अवधूत फिरला, राजाने त्याच्याकडून ऐकलं, आणि तेवढ्याने राजाचं काम झालं. सगळ्यांनी सगळीकडे गेलंच पाहिजे, हा हट्ट आपल्या काळाचा आहे. परंपरेत तो नाही.

मग जाऊच नये का? की वाटच अवघड ठेवावी? मोन्तेवेर्देचा रस्ता कितीतरी वर्षं कच्चा, खडबडीत होता, आणि गावातल्या बऱ्याच जणांना तो तसाच हवा होता. खराब रस्ता हाच चांगला राखणदार, असं ते म्हणत. आता तो बराचसा पक्का झाला आहे. आपल्याकडे गिरनारला 2020 मध्ये अंबाजीपर्यंत रोपवे झाला, तेव्हा पायऱ्यांचं तप गेलं म्हणून हळहळणारे होते. मला ती हळहळ समजते. पण माझे गुडघे एकाहत्तर वर्षांचे आहेत, रोपवेला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. शिवाय अवघड वाट पायांची परीक्षा घेते, हावेची नाही. धडधाकट लोभी माणूस ती सहज चढतो, आणि भाविक म्हातारी खालीच राहते. म्हणून केवळ वाट बिकट ठेवणं हा काही न्याय नव्हे.

उत्तर मला भुंग्यापाशी सापडतं. मधुकर म्हणजे भुंगा, आणि मधुकरी म्हणजे त्याच्यासारखी मागितलेली भिक्षा. दत्तसंप्रदायात या शब्दाला केवढा मान! भुंगा एका फुलावर सगळी भूक भागवत नाही. घरोघरी थोडं थोडं घ्यायचं, गृहस्थाला भार होऊ द्यायचा नाही आणि साठवायचं नाही, हा मधुकरीचा धर्म. अवधूताने भुंग्याच्या जवळच मध काढून नेणाराही सांगितला आहे. पोळ्यापाशी दोघेही जातात, फरक घेण्यात आहे.

हा धर्म प्रवासाला लावून पाहिला की बऱ्याच गोष्टी सुटतात. वाटेवरूनच चालायचं. आवाज करायचा नाही. पक्षी दिसावा म्हणून रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून त्याला फसवायचं नाही. गाईडने "आता निघू" म्हटलं की निघायचं. तिथला केत्साल पक्षी, हिरव्या-सोनेरी अंगाचा आणि लांबलचक शेपटीचा, आम्हाला पाऊण मिनिट दिसला. नातू म्हणाला, "आजोबा, अजून थांबू ना!" पण जवळच्या कुजक्या खोडात त्याचं घरटं होतं, आणि आम्ही असेपर्यंत तो आत जाईना. आम्ही निघालो. नातू रुसला, मग त्यालाच वाटलं असावं, कारण गाडीत म्हणाला, "त्याची पिल्लं जेवली असतील ना आता?"

केत्साल रानटी अवोकाडोची लहान फळं गिळतो, गर पचवतो आणि बी दुसरीकडे नेऊन टाकतो. ज्या झाडाचं खाल्लं, त्याचं बी तो पुढे नेतो. भुंगाही परागकण नेतोच. घेणं आहे, पण त्याच फेरीत देणंही आहे. माणसाचं देणं तिकिटाच्या पैशांवर संपत नाही असं मला वाटतं. मधुकरीचं अन्न आणलं की त्याचे वाटे करून उरलेलं आपण घ्यायचं, अशी रीत. पाहिलेल्याचंही तसंच. जो गेला, त्याने परत येऊन असं सांगावं, की ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना जाण्याची गरजच वाटू नये, पण राखण्याची मात्र वाटावी.

एवढ्याने विमानाचा धूर फिटतो का? नाही. तसा हिशेब मी मांडत नाही. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलं आहे. ते कधी पूर्ण फिटत नाही, म्हणून कुणी फेडायचं थांबवत नाही. मुलीने दरवर्षी सगळ्यांनी मिळून असा दूरचा प्रवास करायचं ठरवलं होतं. आम्ही बोललो, थोडं वाजलंही. शेवटी तिनेच म्हटलं, पाच वर्षांत एकदा, आणि मधल्या वर्षांत आपल्या भागातलं रान. मला ते पटलं.

आपल्या भागात तरी काय कमी आहे? आंबोलीच्या जांभ्या खडकांवर एक लहानसा बेडूक राहतो, त्या सोनेरी बेडकाच्याच कुळातला. शास्त्राने त्याची ओळख 2009 मध्ये करून दिली, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पावसाळ्यात धबधब्यासाठी जी गर्दी लोटते, त्यातल्या किती जणांना चाकाखाली काय येऊ शकतं हे ठाऊक असतं? गाणगापूर, वाडी, औदुंबर, गिरनार इथे पौर्णिमेला आपण हजारोंनी जातो. नदीत काय सोडतो, डोंगरावर काय टाकतो, उंबराच्या पारावर काय बांधतो, हेही मधुकरीच्याच मापाने मोजायला हवं. क्षेत्र हा गृहस्थ आहे आणि आपण झोळी घेऊन दारात उभे आहोत. त्याला भार होईल इतकं घेतलं, तर ती भिक्षा राहत नाही.

यंदाच्या जयंतीला पाळण्याची दोरी ओढताना एवढंच मागणं आहे: डोळ्यांना भुंग्याची रीत लागो, आणि जे पाहिलं ते वाटून खाण्याची बुद्धी होवो.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥