नवे वर्ष आणि जुनी अमानत

बघता बघता साल सरले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी कानावर येते. कोणी नव्या कॅलेंडरची गुंडाळी सोडत असते, कोणी उरलेल्या रजा मोजत असते. तेवढ्यात कोणीतरी म्हणतेच, "अहो, आत्ता कुठे हे साल सुरू झाले होते!" सगळे हसतात आणि पुढच्या तासाची घंटा होते.

त्या हसण्याखाली एक प्रश्न दडलेला असतो. वेळ इतक्या झपाट्याने जात असेल आणि गेल्या वर्षी केलेले बहुतेक इरादे तसेच पडून असतील, तर नव्या वर्षाचे उमेदीने स्वागत करण्याचा आपल्याला काय हक्क आहे? ही उमेद खरी की नुसती सवय? मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इतिहास-भूगोल शिकवते. तत्त्वज्ञान हा माझा विषय नाही. पण एका विद्यार्थिनीमुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडते आहे.

आपल्याला नव्या वर्षांची कमतरता नाही. १ जानेवारी आहे. शेजारच्या दारात गुढी उभी राहते तो चैत्र पाडवा आहे. गल्लीतल्या व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते. आम्हा शिक्षकांचे साल जूनमध्ये सुरू होते. आणि मोहरमचा चांद दिसला की हिजरी साल बदलते. हे शेवटचे साल मोठे फिरस्ते आहे. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ते मागे मागे सरकत साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून एक फेरी पूर्ण करते. २००८ या एकाच इंग्रजी वर्षात जानेवारीत हिजरी १४२९ सुरू झाले आणि डिसेंबरअखेर १४३०.

माझा पहिला रोजा थंडीतला. सहेरीला अम्मी अंगावर शाल टाकून उठवायची. पुढे नोकरीला लागल्यावर २०१५-१६ च्या सुमारास रमजान जूनमध्ये आला, शाळा उघडण्याच्या धांदलीत. आता तो पुन्हा थंडीकडे निघाला आहे. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होईल. म्हणजे माझी एक फेरी पूर्ण होत आली. माणसाच्या वाट्याला अशा दोन फेऱ्या येतात, फार तर अडीच. इंग्रजी हिशेबाने मी सदतीस वर्षांची आहे, हिजरी हिशेबाने अडतीस. वेळ पळतो आहे हे कळायला याहून वेगळे घड्याळ कशाला हवे?

पण वेळ सगळ्यांसाठी सारखाच पळत नाही. दहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. माझ्यासाठी तो सदतिसावा आणि माझ्या अब्बांसाठी सत्तरावा. म्हणूनच मोठ्यांच्या तोंडी 'पुढच्या वर्षी' हे शब्द इतके सहज येतात. आपल्या मापाने ते वर्ष लहान असते. ज्याला आपण थांबायला सांगतो त्याच्या मापाने ते केवढे असते, याचा विचार आपण करत नाही. मीही केला नव्हता.

गोष्ट २०१४ च्या जूनमधली. माझ्या वर्गातली एक मुलगी नववीतच शाळा सोडून घरी बसली होती. आईला दमा, वडील यंत्रमागावर, पाठीवर लहान भावंडे. घरात विड्या वळायच्या, स्वयंपाक करायचा आणि आईला दवाखान्यात न्यायचे, ही सगळी कामे तिच्यावर आली. २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, आठवीपर्यंत आहे. नववीतल्या मुलीचे नाव पटावरून कमी झाले तर तिच्या दारात जाऊन विचारणारे कोणी नसते. विचारले तर शिक्षकानेच विचारायचे.

इथे मात्र तीच मला विचारायला आली. भूगोलाच्या वहीत भीमा आणि सीना या नद्या न चुकता काढणारी मुलगी. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी होती. म्हणाली, "आपा, मेरेकू दसवीं का फारम भरना है. घर से पढूंगी."

बाहेरून दहावी देणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणखी दोन-चार कागद, थोडी फी आणि मुदतीची आठवण ठेवणारे कोणीतरी. एवढेच काम होते. पण त्या वर्षी माझ्याकडे दोन वर्ग होते, घरी मूल लहान होते आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभा निवडणुकीची ड्यूटी येणार होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगले साल देखेंगे, बेटा."

मी खोटे बोलले नव्हते. पुढच्या वर्षी नक्की करू, असेच मला वाटत होते. उमेदीनेच बोलले होते. आणि त्यातच सगळा घोटाळा आहे. पुढच्या वर्षी ती आली नाही. माझ्याही लक्षात राहिले नाही. २०१७ मध्ये तिच्या शादीचा रुक्का आला तेव्हा आठवले.

सूरह अल्-अस्र आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. तीनच आयतींची असल्याने घाईच्या नमाजीत ती हमखास म्हटली जाते. तिच्यात काळाची शपथ आहे आणि माणसाच्या तोट्याची गोष्ट आहे. इमाम राजी यांनी आपल्या तफसीरमध्ये एका बुजुर्गाचा अनुभव सांगितला आहे. या सूरहचा अर्थ त्यांना एका बर्फ विकणाऱ्याकडून कळला. आपले भांडवलच वितळून चालले आहे, दया करा, अशा अर्थाची आरोळी तो बाजारात देत होता. सोलापूरच्या मे महिन्यात ज्याने बर्फाची लादी सायकलवरून घरी आणली आहे त्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही.

मी हा दृष्टान्त वर्गात अनेकदा सांगितला होता. आपला वेळ वाया घालवू नका, हेच त्याचे तात्पर्य म्हणून. त्या रुक्क्यानंतर मला त्याची दुसरी बाजू दिसली. वितळतो तो फक्त आपला बर्फ नसतो. लोक आपला बर्फ आपल्या ओट्यावर विश्वासाने ठेवून जातात. विद्यार्थी शिक्षकाकडे ठेवतो, म्हातारी आई मुलाकडे, अर्जदार कारकुनाकडे. आपण सावलीत बसून म्हणतो, थांबा जरा. आपले काही जात नाही. वितळते ते त्यांचे.

ही अमानतच झाली. आणि अमानत हा शब्द आला की मला हिजरी सनाचा आरंभ आठवतो. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरतीनंतर सुमारे सोळा-सतरा वर्षांनी, वर्षे कुठून मोजायची हा प्रश्न आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा जन्म, नुबुव्वत, वफात असे पर्याय पुढे होते. निवड झाली ती हिजरतीची. कोणत्याही विजयाचा दिवस न घेता, घर सोडून निघण्याचा प्रसंग घेतला गेला. त्यातही एक बारकावा आहे. इसवी सन ६२२ मधली ती हिजरत झाली रबीउल अव्वलमध्ये, पण वर्ष मोजले जाते मोहरमपासून. काही आलिमांनी याचे कारण असे दिले आहे की, हिजरतीचा इरादा पक्का झाला तो आधीच्या जिलहज्जमधल्या बैअतीनंतर आणि त्यानंतर उगवलेला पहिला चांद मोहरमचा होता. म्हणजे आपले साल नियतीपासून सुरू होते. 'नशीब' या अर्थाच्या मराठी नियतीपासून नव्हे, इराद्याच्या नियतीपासून.

ही नियत कशी होती ते पाहण्यासारखे आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी चार महिने आधीपासून दोन उंटिणी चारून तयार ठेवल्या होत्या. वाटाड्या ठरला होता, तोही मुसलमान नसलेला, पण वाटेचा जाणकार आणि विश्वासू. मदीना उत्तरेला असताना आधी दक्षिणेकडच्या सौरच्या गुहेत तीन रात्री काढल्या. अल्लाहवरचा भरवसा पूर्ण होता आणि तयारीतही कसर नव्हती. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती आणखी एक गोष्ट. मक्केतल्या लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या अमानती प्रेषितांकडे होत्या. जीव घ्यायला टपलेल्या शहरातल्या लोकांच्या अमानती! त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) मागे थांबले आणि ते काम पुरे करूनच मदीनेला निघाले. ज्या प्रसंगावरून आपण वर्षे मोजतो, त्या प्रसंगाच्या उंबरठ्यावर जुन्या अमानतींची परतफेड आहे.

कोणी म्हणेल, हा हिशेब मांडत बसले तर नव्या सालाचा आनंद कुठे राहिला? माणसाला उमेद नको का? हवीच. मायूसी हा गुन्हा आहे असेच आपण लहानपणापासून ऐकतो. पण इमाम गजालींनी उमेद आणि फसवी आशा यांत फरक केला आहे आणि तो शेतकऱ्याच्या उदाहरणाने समजावला आहे. जमीन नांगरून, बी पेरून पिकाची वाट पाहणे ही उमेद. न पेरता वाट पाहणे ही स्वतःची फसवणूक. आमच्याकडे हस्ताच्या पावसानंतर ज्वारी पेरतात. तेव्हा ज्याने पाभर धरली नाही, तो संक्रांतीला हुरड्याची उमेद धरू शकत नाही. माझे 'अगले साल' हे असे न पेरलेले रान होते. त्याहून वाईट म्हणजे रान माझे नव्हते, तिचे होते.

मागच्या एका जूनमध्ये ती पुन्हा शाळेच्या फाटकाशी दिसली. हाताला सहा वर्षांची मुलगी, पहिलीत नाव घालायला आणलेली. प्रवेशाच्या अर्जावर तिने सावकाश, नीट अक्षरात सही केली. जुन्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढले नाही. मीच विषय काढला. ती हसली. "अब काय का फारम, आपा," म्हणाली. त्या हसण्यात राग असता तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या क्लार्ककडून तिचा जुना दाखला शोधून काढला. दोन संध्याकाळी तिच्या घरी गेले. पहिल्या संध्याकाळी सासूने चहा दिला आणि विषय बदलला. दुसऱ्या संध्याकाळी तिचा नवरा म्हणाला, "बैठने दो परीक्षा को, अम्मा. क्या हर्ज है?" फॉर्म आता ऑनलाइन भरतात. मुदत सुरू झाली त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी बसून तो भरला. पुढे निकाल काय लागला ते इथे सांगत नाही. अमानत परत केल्याची शाबासकी मागायची नसते, आणि मी तर ती परत करताना अकरा-बारा वर्षे कापून घेतली होती. ती वर्षे कोणत्याही कॅलेंडरात परत येणार नाहीत.

म्हणून वाचकहो, नव्या वर्षाचे स्वागत मी उमेदीनेच करते, पण आता माझी रीत थोडी बदलली आहे. १ जानेवारी असो, मोहरमचा चांद असो की जूनची पहिली घंटा, नव्या डायरीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहायच्या आधी मी नावे लिहिते. ज्यांना मी 'थांबा' म्हटले आहे त्यांची. कोणाचे प्रमाणपत्र माझ्या कपाटात पडून आहे, कोणाच्या बापाशी बोलायचे राहिले आहे, कोणत्या खालाला दवाखान्यात नेण्याचा वायदा आहे. यंदा त्या पानावर सात नावे आहेत. दोन खोडली आहेत. पाच बाकी आहेत, आणि त्यांतले एक नाव अशा मुलाचे आहे ज्याची मुदत याच महिन्यात संपते.

आपणा सर्वांना नवे साल मुबारक. मला उद्या सकाळी त्या मुलाच्या घरी जायचे आहे.