मुक्कामाचा अधिकार

प्रवासाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मुक्कामाविषयीं मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं. चालणें हा प्रवासाचा काव्यमय भाग आणि थांबणें हा त्याचा गद्य भाग, अशी कांहींशी समजूत यामागें असावी. परंतु नीतीच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास खरे प्रश्न थांबण्याशींच निगडित आहेत. रस्त्यानें जाणाऱ्याला सहसा कोणी हटकीत नाहीं. संध्याकाळ झाली, त्यानें खांद्यावरचें ओझें उतरविलें आणि चुलीसाठीं तो तीन दगड शोधूं लागला, म्हणजे मग ‘तूं कोण, कुठला आणि येथें किती दिवस राहणार?’ हा सवाल उभा राहतो. पाय चालत असतात तोंवर जग त्यांची चौकशी करीत नाहीं; ते जमिनीला टेकले कीं त्याला जमिनीच्या मालकीची आठवण होते.

वज्रेश्वरीसारख्या ठिकाणीं हा प्रश्न अगदीं सहज सुचतो. भिवंडी तालुक्यांत, तानसा नदीच्या परिसरांत, मुंबईपासून सुमारें ७५ किलोमीटरांवर हें गांव आहे. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं देवीला नवस केला आणि १७३९ सालीं वसई सर झाल्यावर तो फेडण्यासाठीं हें देऊळ उभें राहिलें, ही हकीकत तेथें येणाऱ्या प्रत्येकास ऐकावयास मिळते. किल्ल्यासारखा तट, चढून जाण्यास ५२ पायऱ्या, आणि जवळच अकलोली व गणेशपुरी येथें गरम पाण्याचीं कुंडें. देवीचें दर्शन घटकाभरांत होतें. परंतु कुंडांत अंग शेकावयाचें तर मुक्काम करावा लागतो. गुडघे एका दिवसांत बरे होत नाहींत! म्हणून हें गांव मूळचेंच मुक्कामाचें. वळकटी, पितळेचा डबा, डाळतांदूळ आणि रॉकेलची बाटली बरोबर घेऊन धर्मशाळेंत बिऱ्हाड मांडणारा यात्रेकरू हा अशा गांवाचा जुना पाहुणा. आतां शनिवारीं मोटारींतून येऊन रविवारीं परत जाणारांची वर्दळ अधिक, आणि त्यांच्यासाठीं भाड्याच्या खोल्याहि पुष्कळ.

या पाहुण्यांत आणखी एका प्रकाराची भर पडूं घातली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. ज्या गाडींत निजण्याची, रांधण्याची व न्हाण्याची सोय असते अशा गाड्या, आणि त्या उभ्या करण्यासाठीं पाणी, वीज वगैरे सोयींनीं युक्त असे तळ, असें त्याचें स्वरूप आहे. कॅरॅव्हॅन हा शब्द मुळांत फारशी ‘कारवान’. म्हणजे आपला तांडा. वाळवंटांतून एकट्यानें जाणें धोक्याचें म्हणून शेंकडों माणसें आणि उंट एकत्र चालत, तो कारवान. युरोपांत जाऊन तो शब्द परत आला तेव्हां त्यांतलीं माणसें गळून पडलीं होतीं आणि दोघांपुरती एक चाकांची पेटी तेवढी शिल्लक राहिली होती.

या पेटीचा खरा संसार पाहावयाचा तर ऑस्ट्रेलियाकडे वळलें पाहिजे. त्या खंडाला वळसा घालणारा पहिल्या क्रमांकाचा हमरस्ता सुमारें १४,५०० किलोमीटर लांब आहे, आणि नोकरींतून निवृत्त झालेलीं हजारों जोडपीं मोटारीच्या मागें घर जोडून त्यावरून महिनोन् महिने फिरत असतात. दक्षिणेंत थंडी पडली कीं उत्तरेकडे, उत्तरेंत पावसाळा लागला कीं पुन्हां दक्षिणेकडे. त्यांना तेथें ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असें कौतुकानें म्हणतात. गांवोगांवीं त्यांच्यासाठीं कॅरॅव्हॅन पार्क आहेत: आंखून दिलेली जागा, विजेची जोडणी, पाण्याचा नळ, सामाईक न्हाणीघरें, कपडे धुण्याची जागा, सांडपाणी ओतण्याची व्यवस्था. रात्रीचें भाडें भरावें, चारदोन दिवस राहावें, शेजारच्या गाडीवाल्याशीं चहा घ्यावा आणि निघावें. हा आयुष्यक्रम हंसण्यासारखा मुळींच नाहीं. आयुष्यभर एका खिडकींतून एकच भिंत पाहिलेल्या माणसानें साठीनंतर रोज नवी खिडकी मागितली, तर ती मागणी मला अत्यंत मानवी वाटते. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना याहून फार वेगळी होती असें नाहीं. फक्त त्यांत गाडीला शीतपेटी नव्हती.

परंतु या फिरत्या घराविषयीं एक भ्रम पसरलेला आहे, तो तपासला पाहिजे. आपलें घर आपल्याबरोबर आहे, म्हणून आपण कोणाचे मिंधे नाहीं. यजमान नको, पाहुणचार नको, उपकार नकोत. असें या प्रवाशाला वाटतें, आणि त्याच्या स्वातंत्र्याचा सारा गोडवा या वाटण्यांत आहे. आपण ज्याला घर म्हणतों त्यांत वास्तविक दोन वस्तू एकवटलेल्या असतात. एक छप्पर, दुसरा थारा. छप्पर वस्तूंचें बनतें. तें विकत घेतां येतें, मोडतां येतें, चाकांवर चढवितां येतें. थारा माणसांच्या संमतीचा बनतो. ‘या ठिकाणीं तूं असलास तर आमची हरकत नाहीं’ एवढें आजूबाजूच्या जगानें म्हणणें, म्हणजे थारा. छप्पर दहा हजार कोस ओढून नेतां येईल, थारा एक कोसहि नेतां येणार नाहीं; तो रोज संध्याकाळीं नव्यानें मिळवावा लागतो. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें हें खरें, पण विंचवालाहि दगडाखालची फट लागतेच.

ही गोष्ट जुन्या लोकांना चांगली ठाऊक होती. नाशिकच्या पांडव लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणीं आपण चौसोपी विश्रांतिगृहें बांधलीं, आणि डहाणूच्या व इतर नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, असें तो सुमारें १,९०० वर्षांपूर्वीं अभिमानानें नोंदवितो. यांतलें शूर्पारक म्हणजे आपलें नालासोपारें. वज्रेश्वरीपासून तें फार दूर नाहीं. हा माणूस लढाया करणारा होता. तरी आपलें नांव दगडांत कोरून ठेवतांना, वाटसरूला थारा दिला, ही गोष्ट त्याला नोंदविण्याजोगी वाटली. तोच धागा पुढें अहल्याबाई होळकरांच्या घाटांपर्यंत आणि धर्मशाळांपर्यंत येतो.

मात्र धर्मशाळेचें स्तोत्र गातां गातां एक ओळ आपण नेहमीं गाळतों. ती सर्वांना उघडी नव्हती. पंढरीच्या वाळवंटांत वैष्णव सारे समान. पण रात्रीं पावसांत ज्यांना अस्पृश्य म्हणून दारांत उभें करीत नसत, त्यांनीं कोठें निजावें? गाडगे महाराजांनीं त्यांच्यासाठीं पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दान देणारा हात कोणास द्यावें हेंहि ठरवीत असतो. या बाबतींत कॅरॅव्हॅन पार्कचा भाडेकरी अधिक सुखी आहे, हें कबूल केलें पाहिजे. पैसा जात विचारीत नाहीं. भाडें चुकतें केलें कीं उपकाराचें ओझें नाहीं आणि अपमानाचाहि प्रसंग नाहीं. पुष्कळ वेळां मला असें वाटतें कीं धर्मशाळेच्या प्रेमळ दारापेक्षां पावती देणारी कोरडी खिडकीच दुबळ्या माणसाला बरी.

पण मग ज्याच्याजवळ पैसा नाहीं, त्याचें काय?

ऑस्ट्रेलियांतच पाहा. त्याच पार्कांतून, हौशी प्रवाशांच्या शेजारीं, असेहि लोक राहतात कीं ज्यांना घरभाडें परवडत नाहीं म्हणून गाडी हेंच त्यांचें कायमचें घर झालें आहे. एकाला ती सुटी, दुसऱ्याला ती शेवटची पायरी. नळ मात्र एकच. जागेच्या मालकानें जमीन विकली कीं पहिला पुढच्या गांवीं जातो, दुसऱ्याला पुढचें गांव नसतें. आणि त्याहून मागें गेलें तर ज्या भूमीवर हे सारे तळ वसलेले आहेत तिची गोष्टच विलक्षण आहे. तेथील मूळ रहिवासी हजारों वर्षें ऋतुमानाप्रमाणें त्या भूमीवर वावरत होते. त्यांनीं कुंपणें घातलीं नव्हतीं; म्हणून ती भूमी ‘कोणाचीच नाहीं’ असें इंग्रजी कायद्यानें गृहीत धरलें. हें गृहीत तेथील सर्वोच्च न्यायालयानें माबो खटल्यांत १९९२ सालीं मोडून काढलें. ज्यांचें फिरणें हाच त्यांचा भूमीशीं संबंध होता, त्यांचा हक्क त्या फिरण्यामुळेंच बुडाला. आणि आतां त्याच रस्त्यानें फिरणें ही सुखवस्तु वार्धक्याची शोभा ठरली आहे.

हें सारें दूरदेशींचें म्हणून आपण निश्चिंत होण्याचें कारण नाहीं. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें आपल्या देशांत गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानें जमातीच्या जमाती नोंदवहींत चढवून हजेरीच्या आणि परवान्याच्या जाळ्यांत अडकविल्या. त्यांत कितीएक भटक्या होत्या. एका ठिकाणीं न राहणें हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा! सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणांत वसविलें. म्हणजे छप्पर दिलें, आणि थारा काढून घेतला. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण १९५९ सालीं मुंबई राज्यांत भीक मागण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा झाला, त्यांत ‘भीक मागणें’ याच्या व्याख्येंत, उपजीविकेचें दृश्य साधन नसतां भीक मागून जगत असावा असें वाटण्याजोग्या स्थितींत सार्वजनिक जागीं भटकणें किंवा नुसतें थांबणें, हेंहि घातलें गेलें. चालावें तरी अपराध, थांबावें तरी अपराध. लक्ष्मण माने यांनीं १९८० सालीं आपल्या आत्मचरित्राला ‘उपरा’ हें नांव दिलें, त्यांत गाढवांच्या पाठीवर संसार लादून गांवोगांव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची कथा आहे. ‘भटका’ हा शब्द तिकडे कौतुकाचें टोपणनांव आहे, आणि इकडे जातीच्या दाखल्यावरची नोंद.

आणि पुन्हां वज्रेश्वरीच्या पंचक्रोशींत येऊं या. दिवाळी झाली कीं ठाणें व पालघर जिल्ह्यांतल्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवाल्याकडून आधीं उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवरा, बायको आणि पोरें मातींत उतरतात. भट्टीच्या कडेला कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा गवत घालून जें खोपटें उभें करतात त्याला भोंगा म्हणतात. पावसाळा तोंडावर आला कीं भोंगा मोडतो आणि कुटुंब पाड्यावर परततें. हेंहि चाकांवरचेंच घर, फक्त त्याला चाकें नाहींत. सहा-सात महिने मुलांची शाळा बुडते, म्हणून विधायक संसदेच्या कार्यकर्त्यांनीं भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या. शाळेनें एका जागीं बसावें आणि मुलानें तिच्याकडे यावें, हा नियम त्यांनीं उलटा केला. शिधापत्रिकेवरचें धान्य देशांत कोठेंहि मिळावें अशी योजना २०१९ पासून अंमलांत येऊं लागली, तीहि याच वळणाची. पोट माणसाबरोबर प्रवास करतें, हें सरकारास पटावयास बराच काळ लागला.

येथें गांवकऱ्याची बाजू पुढें येईल, आणि ती यावी. ‘ज्याला वाटेल त्यानें आमच्या शिवारांत तळ ठोकावा काय? विहीर आमची, उन्हाळ्यांत आटते. ओढ्याकांठीं घाण होते ती आम्हींच सोसावयाची.’ ही तक्रार खोटी नाहीं. कुंडांवर सुटीच्या दिवशीं जी गर्दी लोटते ती पाहिल्यावर, थांबण्याचा अधिकार अमर्याद असावा असें कोणी म्हणणार नाहीं. पण गंमत अशी कीं हा सारा त्रास गाडीवाल्या पाहुण्यापासूनहि होतो. उलट त्याचा साबण अधिक, त्याच्या बाटल्या अधिक, त्याच्या न्हाण्याला पाणी अधिक. तरी त्याच्यासाठीं धोरण आंखलें जातें, नळाची जागा ठरते, सांडपाण्याचा खड्डा ठरतो. म्हणजे अडचण पाण्याची नाहीं आणि घाणीचीहि नाहीं. त्यांचा बंदोबस्त कसा करावा हें आपल्याला पुरतें ठाऊक आहे. थांबणारा कोण, यावर आपण तो बंदोबस्त करतों किंवा पोलिसाला बोलावितों.

कोणी म्हणेल, हौस आणि गरज यांची तुलनाच अन्यायाची. हौशी माणूस पैसे देतो. पण भट्टीवरचा माणूसहि कांहीं देतोच. भिवंडीचीं गोदामें, वसईच्या इमारती, वज्रेश्वरीच्या रस्त्यावरचीं भाड्याचीं घरें यांच्या भिंती कोणाच्या तरी हातच्या विटांच्याच आहेत. त्याचें भाडें आगाऊ भरलेलें आहे, पावती तेवढी दिली गेलेली नाहीं. आंखलेली जागा, एक नळ, दोन न्हाणीघरें, सांडपाण्याचा खड्डा आणि रात्रीं एक दिवा: कॅरॅव्हॅन तळाची ही यादी जशीच्या तशी उचलून भट्टीजवळच्या माळावर दिवाळी ते ज्येष्ठ एवढ्या मुदतीसाठीं मांडतां येईल. खर्च थोडा कमीच येईल, कारण भोंग्याला विजेची मोठी जोडणी लागत नाहीं.