माळ आणि माप

संन्याशाने बिअर बनवून विकावी का, हा प्रश्न मला अँटवर्पला पडला, तोही आसपास एकही संन्यासी नसताना. शनिवारची रात्र, कॅथीड्रलजवळचं रेस्टॉरंट आणि गलका एवढा की शेजारी बसलेल्या पुतण्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. त्याच्यापुढे शिंपल्यांचं काळं पातेलं आलं, किलोभर तरी असतील. एका रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून तो बाकीच्यांतलं मांस ओढून काढत होता. पलीकडच्या टेबलावर बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस. त्याचा रस्सा दाट करायला मोहरी फासलेला पाव त्यात विरघळवतात म्हणे. माझ्या गळ्यात माळ. फ्राइजवर भिस्त होती, तर तेही इथे जुन्या रीतीने गाईच्या चरबीत तळतात. शेवटी स्टूम्प आलं. बटाटे आणि गाजरं लोण्यात कुस्करलेली, वरचं सॉसेज वगळून. पानात मी कणही टाकला नाही.

मग पुतण्याची वेस्टमाल ट्रिपल आली. बाटलीवर षट्कोनी शिक्का.

"काकू, ही साधूंची बिअर," तो म्हणाला.

वेस्टमालचा मठ याच प्रांतातला. तिथले ट्रॅपिस्ट संन्यासी १८३६ पासून बिअर बनवतात. शिक्का हवा तर ती मठाच्या आवारात बनली पाहिजे, संन्याशांच्या देखरेखीखाली, आणि मिळकत मठाच्या गुजराणीला नि दानधर्माला गेली पाहिजे.

"दान केलं म्हणून दारूचं तीर्थ होतं का रे?" मी विचारलं. आपल्या देवस्थानांच्या पेट्यांत कुठकुठला पैसा पडतो, हा विषय मी मुद्दामच काढला नाही.

हे लोक चालतात संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीने. तिचं चाळिसावं प्रकरण पिण्याबद्दल आहे. वाइन संन्याशाला शोभत नाही हे बेनेडिक्टला मान्य आहे, पण आजकालच्या संन्याशांना ते पटत नाही, असंही तो मोकळेपणी सांगतो आणि दिवसाचं एक माप ठरवून देतो. पुढे एका प्रकरणात मठातला माल बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त विकायला सांगतो, लोभ शिरू नये म्हणून. धर्मग्रंथात इतका व्यवहारी माणूस क्वचित भेटतो.

आमच्या माळेचं तसं नाही. घातली की दारू-मटणाचा विषयच संपला. मी हे आजवर कठीण व्रत समजत आले. आता वाटतं, यात सोय फार आहे. काय खायचं नाही ते माळ सांगते, किती खायचं ते सांगत नाही. एकादशी नि दुप्पट खाशी, हे काय उगाच म्हणतात? साबुदाण्याच्या खिचडीपुढे माझी माळ गप्प असते. माप पाळणाऱ्याला मात्र 'पुरे' रोज नव्याने म्हणावं लागतं.

वेस्टमालचे संन्यासी स्वतः जेवताना 'एक्स्ट्रा' घेतात, जेमतेम पाच टक्क्यांची. साडेनऊची ट्रिपल जगासाठी. सौम्य ते आपल्याला, कडक ते लोकांना, हे काही माझ्या गळी उतरेना. "हलवाई तरी कुठे पेढे खातो?" पुतण्या हसला. पेढ्याने कुणाचा संसार बुडत नाही, हे मी त्याला ऐकवलं.

पण वेस्टव्लेटरनच्या मठाचं ऐकून मी जरा नरमले. त्यांची बिअर २००५ मध्ये जगात सर्वोत्तम ठरली, गाड्यांच्या रांगा लागल्या, तरी त्यांनी ती वाढवली नाही. मठ चालण्यापुरती बनवायची, बस. गिऱ्हाईक दारात उभं असताना 'पुरे' म्हणणारा धंदेवाला माझ्या तरी पाहण्यात नाही. अडचण एवढीच की ते 'पुरे' बाटलीतून टेबलापर्यंत पोचत नाही. पिणाऱ्याच्या उशाशी कुठला मठाधिपती बसलेला असतो?

आखेलच्या मठातही अशीच बिअर व्हायची. तिथे राहणारे संन्यासी उरले नाहीत आणि २०२१ मध्ये तिचा षट्कोनी शिक्का गेला. चव तीच असेल तर शिक्का काढायचा कशाला, हे पुतण्याचं म्हणणं. माझ्या मते काढला ते योग्यच झालं. कामगार बिअर बनवतीलही, पण किती बनवायची आणि कुठे थांबायचं हे ठरवायला व्रत घेतलेलं कुणी तिथे राहत नको? बिल येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. त्याने दुसरी ट्रिपल मागवली नाही. पण ते सकाळी सातची ट्रेन पकडायची होती म्हणून.